बसरू, पंपरू, टेंपरू

"मॅडम, हे सगळे नवे शब्द एकाच बाईच्या तोंडी कसे?" विभागप्रमुखांनी शीतलचा प्रबंध माझ्यापुढं सरकवत विचारलं. आवाज चढवला नव्हता. त्यांना घरी जायचं होतं, मलाही. सेमिस्टर संपत आलं होतं आणि माझ्या टेबलावर न तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे तसेच पडून होते.

बघते, म्हणाले आणि प्रबंध पिशवीत टाकला.

शीतल एम.ए. भाषाविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मी तिची गाईड. घर वैजापूर तालुक्यातलं, पिढ्यानपिढ्या मेंढरं राखणारं. विषय तिनंच आणला होता, रूपविचार. म्हणजे शब्द कशाकशाचे बनतात आणि नवे कसे घडतात, याचा अभ्यास. त्यातला एकच प्रत्यय तिनं धरला, 'रू'. वासरू, लेकरू, शिंगरू, कोकरू. लहान जिवाला लागणारा.

प्रत्यय जिवंत असतात किंवा मेलेले असतात, असं आम्ही वर्गात शिकवतो. 'वाला' जिवंत आहे. मोबाईल आला, लगेच मोबाईलवाला झाला. सोनार, लोहार यांतला 'आर' मेलेला. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला कुणी मोबाईलार म्हणत नाही. 'रू' सुद्धा या मेलेल्यांतच धरतात. शीतलचं म्हणणं होतं की तिच्या घरात तो अजून जिवंत आहे. पुरावा म्हणून तिनं आईचे शब्द दिले होते. मिनीबसला बसरू, विहिरीवरच्या लहान पंपाला पंपरू, छोट्या टेंपोला टेंपरू.

हे खरं असतं तर काम मोलाचं होतं. बाहेरच्या एका विद्यापीठातल्या सरांनी याच जोरावर तिला पीएच.डी.ला घ्यायचं अर्धंमुर्धं कबूल केलं होतं. आणि खोटं ठरलं असतं, तर मुलीनं माहिती रचली असा शिक्का बसला असता. आमच्या धंद्यात तो पुसला जात नाही.

छावणी भागातल्या माझ्या घरी चहा घेऊन मी तिची रेकॉर्डिंग ऐकायला बसले. वडील मिनीबस म्हणत होते. चुलती पंपाला 'बारकी मोटर' म्हणत होती. नवे शब्द फक्त आईच्या तोंडी, तेही शीतलनं विचारल्यावरच. "आये, अन् लहान बसला काय म्हणतीस?" मग थोडी शांतता. मग, "बसरू." आणि लगेच शीतलचं हसणं, अगदी स्पष्ट. पुढं तीच आई जावेशी बोलताना सरळ मिनीबस म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी शीतलला बोलावलं. तिला कुणकुण लागली होती.

"मॅडम, मी शब्द बनवलेले नाहीत."

"माहीत आहे. पण तुझ्या आईला विचारावं लागेल."

ती विचारून येते म्हणाली. मी म्हटलं, एकटी नको, मी येते. एकटी गेली असती तर तिला हवं तेच उत्तर घेऊन आली असती.

त्या हिवाळ्यात त्यांची मेंढरं पडेगावच्या पुढं एका कापणी झालेल्या रानात बसली होती. दौलताबाद रोडपर्यंत रिक्षा, पुढं ढेकळांतून चालत. माझे गुडघे वाटेतच बोलायला लागले. शीतलची आई, भामाबाई, यांनी तीन दगडांवर चहा ठेवला आणि मला पोतं अंथरून दिलं. मी मेंढरांचं, पावसापाण्याचं विचारत राहिले. मुद्द्यावर कसं यावं ते सुचत नव्हतं. शेवटी शीतलनंच विचारलं.

"आये, आपल्यात खरंच बसरू म्हणतात का गं?"

भामाबाईंनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"नाय."

"मग मला का सांगितलंस?"

"तू सारखं इचारायचीस. येत नाय म्हनलं की तुझं तोंड उतरायचं. बसरू म्हनलं तवा लई हसलीस. मग म्हनलं, द्यावं अजून एखांदं. लेकरू शिकतंय, तेवढंच आपल्याकडनं." त्या माझ्याकडं वळल्या. "काय चुकलं का, मॅडम?"

मी नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शीतल उठून मेंढरांकडं गेली आणि बराच वेळ पाठ करून उभी राहिली. आम्ही दोघी चहा प्यायलो.

परतताना रिक्षात ती म्हणाली, प्रबंधातलं नव्या शब्दांचं प्रकरण काढून टाकते. मग प्रबंधात उरणार काय, तर कुठल्याही कोशात मिळतील असे जुने शब्द. मी तिला म्हटलं, काढू नकोस, झालं ते तसंच लिही. शाळेत न गेलेल्या बाईनं बसल्या जागी नवे शब्द घडवले, आणि नियमात घडवले. लहान वस्तूलाच 'रू' लावला. टेंपोतला 'ओ' बरोबर गाळला. वासरू नपुंसकलिंगी, तसं 'ते बसरू' म्हणाली. म्हणजे प्रत्यय रोजच्या वापरात नाही, पण अजून हाताशी आहे.

"म्हणजे माझा निष्कर्ष अर्धाच राहिला."

"हो. अर्धाच."

तिला जास्त टोचत होतं ते वेगळंच. आईनं खोटं सांगितलं, असं लोक वाचतील. मी सुचवलं की 'माहिती देणारी व्यक्ती' एवढंच लिही, चालतं. तिनं तसं लिहिलं. नंतर स्वतःच ते खोडून 'संशोधकाची आई' केलं. आई होती म्हणून तर हे झालं, म्हणाली. ते लपवलं तर बाकीचं कुणाला कळणार नाही.

व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, एका बाईच्या एवढ्याशा शब्दांवरून काय सिद्ध होतं? शीतल म्हणाली, फारसं काही नाही सर. ती पास झाली, बेताच्या गुणांनी. बाहेरच्या सरांनी यंदा जागा नाही असं कळवलं. सध्या ती वैजापूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि पुन्हा तयारी करते. अडचण एकच उरली आहे. तिनं रेकॉर्डिंगसाठी मोबाईल पुढं धरला की भामाबाई आता प्रत्येक शब्दाला नाय म्हणतात, रोज तोंडात असलेल्यालासुद्धा.

फिल्डवर निघालेल्या पोरांना मी हल्ली फार शिकवत बसत नाही. शब्द मागू नका, म्हणते, नुसतं ऐकत बसा. मागितलं की माणसं देतात. आणि घरची माणसं तर नसलेलंही देतात.