डिझेल इंजिनाचं हँडल आणि माझा शेरा

ती घटना आजही आठवते, असं म्हणायची माझी सोय नाही. मला ती विसरूच दिली जात नाही. नोकरीतले जुने सहकारी भेटले की चहा यायच्या आत कुणीतरी विचारतोच, "काय साहेब, सुरक्षेत कुठं त्रुटी?" मी हसतो आणि बिस्किट बुडवतो. दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आता मीच सांगून टाकतो.

त्या वेळी मी नगर जिल्ह्यात, सुप्याच्या बाजूला, एका ठाण्याचा प्रभारी होतो. (जिल्हा कागदोपत्री आता अहिल्यानगर झाला, माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं.) ठाण्याचं नाव सांगत नाही. फजिती माझी होती, ठाण्याची नव्हती.

आमच्या हद्दीत एका कारखानदाराने स्वतःच्या जागेत जुन्या यंत्रांचं संग्रहालय उभं केलं होतं. जुने ट्रॅक्टर, पाण्याची इंजिनं, छापखान्याचं एक यंत्र, आणि या सगळ्यांच्या मधोमध रेल्वेचं खरंखुरं डिझेल इंजिन. आता त्या भागात रेल्वेचा रूळ औषधालाही नाही. त्यामुळे हे इंजिन ट्रेलरवर बसून पुणे रस्त्याने आलं. बंदोबस्त आमचाच. लोक शेतातली कामं टाकून रस्त्यावर उभे होते आणि एक म्हातारी हळदकुंकवाचं ताट घेऊन आली होती. शंभर पावलं लांबीचा रूळ टाकून त्यावर ते ठेवलं. पुढे भिंत, मागे पेरूची बाग. जाणार कुठे?

खरं सांगायचं तर मलाही त्याचं अप्रूप होतं. कोळशाच्या इंजिनाचं कौतुक सगळेच करतात. डिझेल आमच्या लहानपणी इतकं रोजचं होतं की त्याच्याकडे कुणी मान वळवून पाहत नव्हतं. आमच्या गावच्या स्टेशनात क्रॉसिंगला मालगाडी थांबली की ते जागच्या जागी घुमत राहायचं आणि घरातल्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. आई म्हणायची, "थांबली बघ मालगाडी." पुढे लाईनीवर विजेच्या तारा आल्या, भांडी गप्प झाली, आणि ती गप्प झाल्याचं बरीच वर्षं माझ्या लक्षातही आलं नाही. संग्रहालयात त्या इंजिनाला हात लावला तेव्हा आलं.

उद्घाटनाला दहा दिवस होते. गुरुवारी दुपारी मी बंदोबस्ताची पाहणी करायला गेलो. संग्रहालयाच्या व्यवस्थापक पुण्याच्या एक बाई होत्या, नेमक्या बोलणाऱ्या. त्यांनी सगळं दाखवलं आणि जाताना फाटकाजवळच्या टेबलावरची नवीकोरी अभिप्राय वही पुढे केली. मी सही केली. सही करायला मला पूर्वीपासून आवडतं.

शनिवारी सकाळी बाई फिर्याद घेऊन ठाण्यात हजर. इंजिनाच्या केबिनमधला एक दांडा गेला होता. रिव्हर्सर हँडल म्हणतात त्याला. गाडी पुढे न्यायची की मागे, हे त्याने ठरतं. वीतभर लांबीचा, काढता-घालता येणारा.

"किंमत किती धरायची?" ठाणे अंमलदाराने विचारलं.

"भंगारात काहीच नाही," बाई म्हणाल्या. "पण तसा दुसरा मिळणार नाही. आता ही इंजिनंच मोडीत निघालीत."

फाटकाच्या कुलपाच्या किल्ल्या दोन. एक बाईंकडे, एक रखवालदाराकडे. कुलूप शाबूत. गुन्हा नोंदवला आणि मी मनात म्हटलं, हे प्रकरण दोन दिवसांचं आहे.

रविवारी आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. एका भंगारवाल्याकडे रेल्वेचं पितळ आलंय म्हणाला. मी जीप काढली, दोन पंच बसवले आणि छापा घातला. ढिगाऱ्यात एक पितळी दांडा मिळाला. मी तो उचलून उन्हात धरला, अगदी करंडक धरल्यासारखा. पंचांपैकी एक शेतकरी होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, ह्यो फवारणीच्या पंपाचा दांडा हाय. आमच्याकडं हुता असला."

"तुम्ही पंच आहात, तज्ज्ञ नाही," मी म्हणालो.

"व्हय साहेब," असं म्हणून त्याने पंचनाम्यावर सही केली. मुद्देमालाला लाखेचं सील लागलं. संध्याकाळी बाईंना ओळख पटवायला बोलावलं. त्यांनी उघडलेल्या पुडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, हा फवारणी पंपाचा आहे." भंगारवाल्याला चहा पाजून घरी सोडला. जाताना त्याने पंपाची पावती मागितली.

आता उरला रखवालदार. पाथर्डी भागातला माणूस, पस्तिशीचा. आधी दरवर्षी बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. एका सुरक्षा एजन्सीमार्फत ही नोकरी लागली आणि दोन वर्षं कुटुंब एका जागी राहिलं. एजन्सीने त्याला कळवून टाकलं होतं, चौकशीत नाव निघालं तर कामावर येऊ नकोस. म्हणजे त्याचं काय होणार, ते माझ्या कागदावर अवलंबून होतं.

सोमवारी त्याला बोलावून समोर बसवला. माझी तपासाची एक पद्धत होती आणि तिचा मला अभिमान होता. एकच प्रश्न विचारायचा आणि मग गप्प बसून समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. शांतता माणसाला सहन होत नाही, तो आपोआप बोलतो, असं मी नव्या पोरांना शिकवायचो.

"कुठं विकलंस?" मी विचारलं आणि गप्प बसलो.

"म्या न्हाई इकलं साहेब," तो म्हणाला आणि तोही गप्प बसला.

पाऊण तास गेला. भिंतीवरची पाल दोनदा जागा बदलून गेली. मला घाम फुटला, तो आपला खाली बघत बसलेला. उन्हातान्हात फडात राबलेल्या माणसापुढे मी खुर्चीत बसून सहनशक्तीची शर्यत लावली होती. शेवटी मीच चहा मागवला. पुन्हा विचारलं, "कुठं विकलंस?" पुन्हा तेच उत्तर. दिवसभरात तीन वेळा चहा झाला. पण माणूस काहीतरी दडवतोय हे मला दिसत होतं. इंजिनाचं नाव काढलं की तो खिशातली किल्ली चाचपायचा. तिथे माझा अंदाज चुकला नव्हता. तो काय दडवतोय, ते मात्र मी आधीच ठरवून बसलो होतो.

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. आमच्या हवालदार बाईंनी तिला बाकावर बसवलं. ती मला एवढंच म्हणाली, "साहेब, पोरीला औंदा हितल्या साळंत घातलीय. काय ते लवकर सांगा. पुन्हा फडावर जायाचं आसल तर नाव काढावं लागतंय." रडली नाही, हात जोडले नाहीत. मी फाईल चाळत असल्यासारखं केलं.

संध्याकाळी त्याला घरी सोडला. मंगळवारी अटक दाखवायची असं माझ्या मनात होतं. त्यासाठी कागद पुरे करायला मी लगेच हवालदार बाईंना संग्रहालयातून सगळ्या वह्या आणायला पाठवलं.

त्या परत आल्या त्या चेहरा अगदी गंभीर ठेवून. तीस वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो, हवालदाराचा चेहरा फार गंभीर असला की साहेबाचं काहीतरी चुकलेलं असतं.

"साहेब, अभिप्राय वहीत तुमचा शेरा आहे," त्या म्हणाल्या. "वाचू का?"

"वाचा."

"'व्यवस्था अत्यंत चोख. सुरक्षेत कुठेही त्रुटी आढळली नाही.' खाली सही, हुद्दा, वेळ दुपारी पावणेदोन."

"मग?"

"आता त्याच्या वरची ओळ वाचते. 'केबिन तपासली. हँडब्रेक लावला. चाकाखाली अडवायचा लाकडी गुटका नव्हता, तो दिला. रिव्हर्सर हँडल सोबत नेत आहे.' खाली सही, हुद्दा निवृत्त ड्रायव्हर, गावाचं नाव, तारीख तीच, वेळ सकाळी अकरा." त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. "तुमच्या सहीचं शेपूट वर जाऊन त्याच्या 'नेत आहे'ला टेकलंय साहेब."

चोराने नाव, गाव, हुद्दा, वेळ आणि चोरलेल्या वस्तूचं वर्णन स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं, आणि तपासी अधिकाऱ्याने त्याच्याखाली सगळं ठीक असल्याचा दाखला दिला होता.

तासाभरात आम्ही त्या गावात पोचलो. रेल्वे लाईनीलगतचं गाव. पांढरा सदरा घातलेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ ओट्यावर शेंगा निवडत बसले होते. जीप पाहून ते उठले, आत गेले आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं हँडल घेऊन बाहेर आले.

"या. आज पाचवा दिवस," ते म्हणाले. "मला वाटलं दुसऱ्याच दिवशी कुणीतरी चार्ज घ्यायला येईल."

"बाबा, हे तुम्ही का आणलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं असावं की जेवताना हात का धुता. "इंजिन सोडून उतरायचं तर हँडल काढून घ्यायचं. कुलपाची चावी घेतो का न्हाई आपण? तसं. तिथं तर दांडा तसाच लटकत हुता आन दार कुणी बी उघडावं असं."

"पण ते इंजिन बंद आहे. पुढं भिंत आहे."

"मला काय म्हाईत, टाकीत डिझेल हाय का न्हाई? मी काय टाकी उघडून बघायची?" त्यांनी हँडलवरचं फडकं सारखं केलं. "एकदा मी हँडल ठेवून उतरलो हुतो. चहाला. पाच मिनिटं. एकजण हौसेनं वर चढला. खाली रुळाचे सांधे बदलणारा पॉइंट्समन काम करत हुता. त्याचे दोन्ही पाय गेले." शेंगांची पाटी त्यांनी बाजूला सरकवली. "त्यानंतर न्हाई ठेवलं कधी."

मी विचारलं, तुम्ही चालवलेलं हेच इंजिन का. ते म्हणाले, "न्हाई. हे आमच्या शेडला नव्हतं. पन सगळी एकाच घरची. ब्रेकचा आवाज ऐकला तरी वळखतो."

मी हात पुढे केला, तर ते हँडल देईनात. "तुमाला इंजिन येतं का?"

"नाही."

"मग तुमच्या हातात कसं देऊ?"

पोलीस अधिकाऱ्याला मुद्देमाल ताब्यात द्यायला नकार देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. शेवटी हँडल मांडीवर घेऊन ते जीपमध्ये पुढे बसले, मी मागे. संग्रहालयात त्यांनी ते व्यवस्थापक बाईंकडे दिलं, वहीत नोंद केली, बाईंची सही घेतली आणि मगच पाणी प्यायले.

आता उरला कागदाचा प्रश्न. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो आणि तो इथे नव्हता, हे दाखवणारा एकच पुरावा होता, ते वहीचं पान. ते जोडल्याशिवाय रखवालदार मोकळा होत नव्हता. आणि ते जोडलं की माझा शेराही वरिष्ठांकडे जाणार होता. हवालदार बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, झेरॉक्स काढताना खालचा भाग झाकता येतो. वरची ओळच लागतेय आपल्याला."

मोह झाला, हे कबूल करतो. कागद हातात घेऊन मी ओळीखाली पट्टीसुद्धा ठेवून पाहिली. मग बाकावर डबा घेऊन बसलेली ती बाई आठवली, आणि पूर्ण पान जोडलं. दुसऱ्या दिवशी उपअधीक्षकांचा फोन आला. ते आधी बराच वेळ काही बोलले नाहीत. ती पद्धत मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. एजन्सीने रखवालदाराला संग्रहालयावरून काढलं, कारण वेळेआधी बाहेरच्या माणसाला आत सोडणं हा नियमभंग होताच. पण कामावरून काढलं नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या फाटकावर लावलं. मुलीची शाळा तीच राहिली.

पुढच्या आठवड्यात मी त्या फाटकावर गेलो. दिलगिरी व्यक्त करायची आम्हाला सवय नसते, त्यामुळे मी आधी हवापाण्याचं बोललो. मग विचारलं, "तो म्हातारा आत आला होता, हे त्याच दिवशी का सांगितलं नाहीस?"

"भ्या वाटलं. आठ दिस कुंपनाच्या तारंला धरून भाईर उभा ऱ्हायचा त्यो. म्हनायचा, चाकाखाली गुटका न्हाई, गुटका न्हाई. मग सोडला आत. सायबाला कळलं तर नोकरी जाईन, म्हनून गप ऱ्हायलो."

"पण चोरीचा आळ आल्यावर तरी?"

"साहेब, तुमी दिवसभर एकच इचारलं, कुठं इकलं. एकदा बी न्हाई इचारलं, कोन आल्तं का. इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. नोकरी गेली आसती तर गेली आसती."

मागून एक टेम्पो आला. रखवालदाराने मला हाताने जरा बाजूला व्हायला सांगितलं, फाटक उघडलं, वहीत गाडीचा नंबर लिहिला आणि ड्रायव्हरची सही घेतली. त्यानंतर नोकरीची जी काही वर्षं उरली होती, त्यात समोर बसलेल्या प्रत्येक माणसाला माझा पहिला प्रश्न असायचा, "कोण आलं होतं का?"