लगडलेला आंबा

परसातला आंबा यंदा इतका लगडला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. “झाड खूश आहे हो तुमच्यावर,” शेजारच्या काकू म्हणाल्या. आम्हीही खूश होतो.

आज पडलेल्या कैऱ्या वेचताना बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला. साल अंगठ्याने दाबली, ती ओल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली. खोड बोटांनी वाजवून पाहिलं, आवाज पोकळ आला.

मरणपंथाला लागलेलं झाड कधी कधी असंच भरभरून फळतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी वरच बघत राहिलो. घरातलं कुणी हसतमुखाने राबत असलं की आपण त्याची तब्येत विचारत नाही, तसंच.

कुंपणापलीकडून काकूंनी हाक मारली, “लोणच्याला अजून थोड्या मिळतील का?”

“देतो की,” मी म्हणालो, आणि शिडी त्याच खोडाला लावली.