बिनआरशाचा कॅमेरा

माझे भावोजी फोटोवाले. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात. का, ते कुणालाच ठाऊक नाही. शिकवलं त्यांनी कुणाला नाही आणि स्वतः शिकले तेही जेमतेम. बोलणं तोलूनमापून. मी त्यांची मेहुणी, त्यामुळे त्यांच्या वाट्याचंही मीच बोलते, असं ताई म्हणायची. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, त्यांची बायको.

घर आणि स्टुडिओ एकाच छपराखाली. रस्त्याकडची खोली स्टुडिओची, मधलं दार उघडलं की स्वयंपाकघर, त्याच्यामागे झोपायची खोली. स्टुडिओत राखाडी पडदा, पडद्यापुढे बिनपाठीचं स्टूल, दोन्ही बाजूंना छत्र्या लावलेले दिवे, आणि गिऱ्हाइकांनी केस विंचरावेत म्हणून भिंतीला एक उभा आरसा. ओळखपत्रांचे फोटो, तान्ह्या बाळांचे फोटो, गेलेल्या माणसांचे जुने फोटो मोठे करून देणं, यावर दोघांचा संसार चालला.

भावोजींची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाला बसवायच्या आधी स्टुलावर ताई बसायची. तिच्या चेहऱ्यावर ते उजेड लावून घ्यायचे, दिवा जरा पुढे, जरा वर, एखादा फोटो काढून बघायचे. मग ताई उठायची आणि गिऱ्हाईक बसायचं. दिव्यापुढे गिऱ्हाईक ताटकळलं की त्याचा चेहरा मरतो, असं त्यांचं म्हणणं. ताईचे ते फोटो उजेडापुरते, काम झालं की पुसले. "गावभरच्या लोकांचे फोटो आहेत, माझ्या बहिणीचा मात्र एक धड नाही," असा मी टोमणा मारायची. "ती समोर आहे की," ते म्हणायचे. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं एकूण त्यांचं तत्त्वज्ञान.

पुढे ताईला विसर पडायला लागला. आधी डब्यांचा, मग नावांचा. तोवर आम्ही हसण्यावारी नेलं. मग एक दिवस ती माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "ती बाई अजून गेली नाही का गं?"

"कोण बाई?"

तिने कपाटाच्या आरशाकडे नुसते डोळे वळवले. "बोलत नाही काही. सारखी माझ्याकडे बघत असते. शाल पण माझीच घेतलीय."

डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं, माणसाला स्वतःचाच चेहरा परका वाटतो. सांगायला त्यांचं काय जातंय. मी माझं बिऱ्हाड आवरून ताईकडे राहायला आले, तेव्हा घरातले आरसे एकेक करून जात होते. कपाटावर चादर आली. मोरीतला आरसा भावोजींनी खिळ्यासकट उपटला आणि अंदाजाने दाढी करायला लागले. स्टुडिओतला आरसा भिंतीत बसवलेला, तो निघेना, म्हणून त्यावर काळं कापड ठोकलं. तरी ती बाई कुठून ना कुठून यायचीच. दिवे लागले की खिडकीच्या काचेत यायची. स्टीलच्या पातेल्यात वाकडी होऊन यायची. एकदा मी पाहिलं, तर ताई कपाटावरच्या चादरीपुढे पाण्याचा पेला ठेवून मागे सरकत होती. 

एका सकाळी ती अनवाणी रस्त्यावर पळाली. "माझ्या घरात बाई शिरलीय," असं ओरडत. शेजाऱ्यांनी धरून आणली. ताई-भावोजींच्या लेकीचा, म्हणजे माझ्या भाचीचा, फोन आला. ती लांब नोकरीला. "मावशी, आता पुरे. उद्या गाडीखाली सापडेल. पुन्हा असं झालं तर मी आईला अशा आजाऱ्यांच्या संस्थेत ठेवणार. जागा बघून ठेवलीय." पोरीचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला तिचा जास्त राग आला. भावोजींना सांगितलं, तर ते लेन्स पुसत राहिले. मग म्हणाले, "ती तिथे राहायची नाही. आणि मी इथे." त्या दिवसापासून घरात एकच काम उरलं. ताईने पुन्हा घाबरायचं नाही.

ती शांत असायची ती फक्त स्टुलावर. गिऱ्हाईक असो नसो, रोज सकाळी केस नीट करून ती येऊन बसायची, हनुवटी जरा वर, नजर लेन्समध्ये. भावोजी दिवे लावायचे, खटाक करून फोटो काढायचे, ती उठायची. त्यानंतर दुपारपर्यंत ती जवळजवळ पहिल्यासारखी असायची. बाकी सगळं विसरली, पण उजेडाला बसायचं विसरली नाही.

आणि तिथेच माशी शिंकली. भावोजींचा जुना कॅमेरा म्हणजे वजनदार धोंडा. मुठीचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. लेन्स बदलताना तो हातात धरायचं काम वर्षानुवर्षं ताईचं. त्या दिवशी लेन्स निघाली आणि तिने आत डोकावून पाहिलं. आत तिरपा बसवलेला आरसा असतो, टपालाच्या तिकिटाएवढा. त्यात तिला एक डोळा दिसला. ती ओरडली नाही. तिने झाकण लावलं, कॅमेरा भावोजींच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "आता ती इथे येऊन बसलीय." दुसऱ्या दिवशी ती स्टुलाकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दाराची कडी काढताना मी तिला पकडलं.

भावोजी उठले आणि नवा कॅमेरा घेऊन आले. आरसाच नसलेला. दुकानदाराने त्यांना दहा गुण सांगितले असतील, पण त्यांनी घेतला तो एवढ्यासाठी. आधी त्यांनी लेन्स काढून मला आत दाखवलं. आत नुसता एक चकचकीत निळसर तुकडा. तो मात्र त्यांनी ताईला दाखवला नाही.

मग दोन्ही कॅमेरे टेबलावर शेजारी ठेवून ते दिवसभर रिकाम्या स्टुलाचे फोटो काढत बसले. एकदा याने, एकदा त्याने. मुलासाठी दोन मुली पाहून आलेल्या बापासारखा चेहरा झालेला.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"जुन्यातून बघितलं की माणूस दिसतो. आरशातून येतो, पण माणूसच. नव्यातून बघितलं की माणसाचा फोटो दिसतो. काढायच्या आधीच."

"मग वाईट काय त्यात?"

"वाईट नाही. अंधारातसुद्धा लख्ख दिसतं. हलकाय. डोळा स्वतः शोधतो, त्याच्याभोवती पिवळी चौकट करतो, मग माणूस हलला तरी सोडत नाही." त्यांनी जुना हातात घेतला. "जुन्यात फोटो निघताना आरसा वर उडतो. तेवढ्यापुरता आपल्या डोळ्यापुढे अंधार. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघाला, तो क्षण मी कधी बघितलेलाच नाही. एकाही फोटोचा नाही. यात तो अंधारच नाही. सगळं बघावं लागतं."

भावोजी एका दमात इतकं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले, आणि मला ते आवडलं नाही.

नव्या कॅमेऱ्यापुढे ताई बसली. त्यात आरसा नाही, हे भावोजींनी तिला शपथेवर सांगितलं होतं. ती दचकू नये म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचा आवाज बंद ठेवला होता. त्यांनी फोटो काढला. "झालं," म्हणाले. ताई हलली नाही. "अगं झालं, ऊठ." हनुवटी वर, नजर लेन्समध्ये, पापणी लवत नव्हती. मी स्वयंपाकघरातून आले, खांद्याला हात लावला. खांदा लाकडासारखा. श्वास धरून ठेवलेला, अधूनमधून नाकातून थोडासा सोडायची आणि पुन्हा धरायची. दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात ती खरंच तिच्या फोटोसारखी दिसत होती. 

माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. ती आवाजाची वाट बघत होती. खटाक झाल्याशिवाय फोटो झाला, असं तिच्या शरीराला पटत नव्हतं. भावोजींनी नव्या कॅमेऱ्याचा आवाज सुरू केला, तर तो आपला टिचकी मारल्यासारखा. ती ढिम्म. शेवटी त्यांनी जुना कॅमेरा काढला, दाराआड उभे राहिले आणि झाकण लावलेल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं. खटाक. ताईने श्वास सोडला, उठली आणि म्हणाली, "बसवा आता कुणाला बसवायचंय त्याला."

तेव्हापासून फोटो एका कॅमेऱ्याने आणि आवाज दुसऱ्याने. दाराआडचं बटण माझ्याकडे आलं. "लग्न एकाचं, वाजंत्री दुसऱ्याच्या दारात," मी म्हणायची, आणि भावोजी हसायचे. दिवस बरे चालले होते. एकच गोष्ट मला खटकायची. ताई बसलेली असताना कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरची ती पिवळी चौकट मधूनच तिच्या डोळ्यावरून उठायची आणि काळ्या कापडावर जाऊन बसायची. झाकलेल्या आरशावर, बरोबर बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर. थोडा वेळ तिथे राहायची, मग परत यायची. "कापडाची चुणी असेल," भावोजी म्हणाले. "यंत्र आहे, त्याला कुठेही डोळा दिसतो." मी आणखी खिळे मारून ते कापड ताणून बसवलं. चुणी एकही राहू दिली नाही. चौकट जायची ती जातच राहिली.

मग ती दुपार आली. सकाळी एक बाई तिचं रडकं बाळ घेऊन आली होती. नव्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा बाहेर काढून पुढच्या बाजूला फिरवता येतो. बाळाला त्यात स्वतःचं तोंड दिसलं आणि ते गप्प झालं. भावोजी खूश झाले, आणि तो पडदा मिटायचा तेवढा विसरले. दुपारी ताई पुन्हा येऊन स्टुलावर बसली. समोर पडद्यावर ती बाई.

मी दाराआडून पाहत होते. माझ्या मनात एकच आलं, संपलं, आता ही किंचाळणार, आता संस्था. भावोजींचा हात कॅमेऱ्याकडे गेला आणि अर्ध्यावर थिजला.

ताई किंचाळली नाही. पुढे वाकून बघत राहिली. "किती लहान झालीय," म्हणाली. "आणि डोळ्याला काय लावलंय हे तिच्या? चौकोनात कोंडलंय का तिला?"



"घाबरलीय हो ती. मी उगाच तिला भ्यायले. तिचं कोणी नाही का?"

"आहे," भावोजी म्हणाले.  "आहे ना. मी नवरा तिचा."

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग रागावली, अगदी पूर्वी मला रागवायची तशी. "मग घेऊन जा ना तिला घरी! इतके दिवस लोकांच्या दारात उभी ठेवलीत."

"चुकलंच माझं. आता नेतो." त्यांनी पडदा अलगद मिटून घेतला.

"गेली?"

"गेली."

मी बटण दाबलं, ताई उठली आणि आत जाऊन गाढ झोपली. मी भावोजींची पाठ थोपटली. म्हटलं, मास्तर, आज तुम्ही डॉक्टरलाही मागे टाकलंत. बऱ्याच दिवसांनी ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी उठून आले, तर कपाटावरची चादर घडी करून पलंगावर ठेवलेली. ताई आरशापुढे उभी राहून केस विंचरत होती. मी धावत जाऊन तिच्या मागे उभी राहिले. आरशात मला आम्ही दोघी दिसत होतो, ती पुढे, मी मागे, माझं तोंड उघडं.

"ताई, कोण दिसतंय गं?"

"तू दिसतेस," ती निवांतपणे म्हणाली आणि भांग काढत राहिली. "एकटीच."

तेवढ्यात भावोजी चहा घेऊन आत आले. ताईने चटकन शाल सावरली आणि दोन पावलं मागे सरकली. भीती नव्हती त्यात. परका पुरुष खोलीत आला की बाई सरकते, तशी सरकली.

"भाऊ, तुम्ही परत कसे आलात?" ती म्हणाली. "बायकोला एकटं टाकून?"

भावोजींनी चहा माझ्या हातात दिला. त्यांना माझ्याआधी कळलं असावं. ते उंबऱ्याबाहेर जाऊन उभे राहिले.

त्यानंतर ताई कधी घाबरली नाही. आरसे उघडे झाले, दाराची कडी तिने पुन्हा काढली नाही. भाची एक दुपार येऊन बसली, आईला हसताना बघून रडली आणि संस्थेला नको म्हणून कळवून गेली. "बाबांनी करून दाखवलं," असं ती मला म्हणाली, आणि मला तिला खरं सांगवेना. ताईचा नवरा कामाला गेलाय आणि येईलच, असं ताई धरून चालते. त्याची बाजू ती रिकामी ठेवून झोपते. मी शंभरदा समजावून पाहिलं, हेच गं ते, नीट बघ. ती मलाच रागावते, "भलतं काय बोलतेस? त्यांना बायको आहे."

भावोजींचं अंथरूण आता स्टुडिओत असतं, राखाडी पडद्यामागे. संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की ते मधल्या दारावर टकटक करतात. आपल्याच घरात टकटक करणारा माणूस बघून मला अजून चीड येते. कुणाची, ते मात्र कळत नाही. ताई "या" म्हणते. ते खुर्चीच्या कडेवर बसतात, पाहुण्यासारखे, आणि ती त्यांना पाणी देते.

"तुमची बायको कशी आहे आता?" ती रोज विचारते.

"बरी आहे."

"घाबरत नाही ना?"

"नाही. आता नाही घाबरत."

"तुमच्याशी बोलते?"

ते पाणी पितात. "बोलते की," म्हणतात. "रोज बोलते."

"मग जपा तिला, भाऊ," ताई म्हणते. "आणि फार वेळ बाहेर राहू नका. वाट बघत असेल ती."

ते पेला खाली ठेवतात, "येतो" म्हणतात आणि मधलं दार ओढून घेतात.