हरणीच्या मानेवरचा टाका

मेलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात थोरली कातडी शिवायची आणि धाकटी आभाळ रंगवायची. दोघी सख्ख्या जावा, एकाच घरातून एकाच बसने कामाला यायच्या. रंगाचा नाद आहे बिचारीला, म्हणून थोरलीनेच साहेबांना सांगून धाकटीला तिथं चिकटवलं होतं, आणि तेव्हापासून ती स्वतःच्याच जिभेला शिव्या देत होती.

मेलेल्या जनावराचं कातडं साच्यावर चढवून थोरली असं शिवायची की शिवण बोटालाही लागू नये. धाकटी त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर डोंगर, गवत, ढग काढायची. काचेपाशी आलेली माणसं म्हणायची, आभाळ काय काढलंय. जनावराबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. ते आपलं जनावरासारखं दिसायचं. चौदा वर्षं ते आभाळ थोरलीच्या डोळ्यांत खुपत होतं.

यंदा हरणीचं दालन उघडायचं होतं. सासूबाईंनी फर्मान काढलं, मी येणार, तुम्ही दोघी तिथं काय दिवे लावता ते बघू तरी द्या. त्यांचा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. थोरलीने हरणीच्या मानेवर, अगदी समोर, जाड काळ्या दोऱ्याचा एक टाका मुद्दाम उघडा सोडला. सासूबाईंना तो दिसणारच. त्या विचारतील, हे कुणी शिवलं? मग कानापासून खुरापर्यंतची सगळी शिवण थोरली त्यांना दाखवणार होती.

उघडायच्या दिवशी सासूबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. आधी आभाळच बघितलं, धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. मग नजर हरणीवर आली. थोरलीनेही मानेकडे बघितलं. टाका नव्हताच.

धाकटी तिच्या कानाशी लागली. "ताई, मानेवर टाका राहिला होता तुमचा. सकाळी वर केस चिकटवून रंगवून टाकला. आईंना काही कळायचं नाही."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. वर "बरं केलंस" म्हणावं लागलं ते वेगळंच.

"आणि थोरले, यात तुझं काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

थोरलीने हरणीकडे बोट केलं. "ही."

सासूबाई हसल्या. "ही तर देवानं केलेली."

परतीच्या बसमध्ये धाकटीने तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती. थोरली तिच्याकडे न बघता मागच्या बाकावर जाऊन बसली. तिथल्या खिडकीतूनही आभाळच दिसत होतं.