पाहुणे, मासे आणि माझी उंची

देवानं मला अक्कल दिली, चांगलं चालणारं दुकान दिलं, उंची द्यायच्या वेळेला मात्र हात आखडता घेतला. जिंतूरला आमचं बी-बियाणांचं दुकान आहे. गिऱ्हाईक मला काउंटरपलीकडून बघतं, त्यामुळे धंद्यात काही अडत नाही. सोयरिकीत अडतं. आजवर आलेली सगळी स्थळं ‘कळवतो’ म्हणून गेली ती गेलीच.

मग चारठाण्याकडचं स्थळ आलं. मुलगी परभणीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. फोटो बघितला आणि खरं सांगतो, मला ती लय आवडली. मध्यस्थ जाता जाता म्हणाला, “पोरगी जरा उंच हाय.” तो ‘जरा’ म्हणजे किती, ते त्यानं सांगितलं नाही. त्यात ती स्वतः घर बघायला येणार होती.

जाड तळव्याचे बूट मी आणून ठेवले होते, पण स्वतःच्या घरात बूट घालून कोण बसतं? शेवटी आईनं हुकूम सोडला. “दिवाणावर बसायचं. पाहुणे जाईस्तोवर उठायचं न्हाई. कंबर धरली म्हणून सांगते मी.”

आता माशांचं सांगतो. दिवाणासमोर माझा खाऱ्या पाण्याचा फिशटँक आहे. वडिलांचा त्यावर कायमचा राग. “गावात गोड्या पाण्याची बोंब, अन् हे दिवटं पाणी खारट करून ठेवायलंय.” त्यात क्लाउनफिश, केशरी अंगावर पांढरे पट्टे. पहिल्यांदा मी तोलामोलाची सोयरीक म्हणून दोन सारखेच मोठे आणले, तर त्यांनी एकमेकांच्या चिंध्या केल्या. संभाजीनगरच्या दुकानदारानं एक परत घेतला आणि बदल्यात एक बारका दिला. म्हणाला, याला थोडे दिवस भोकं पाडलेल्या डब्यात घालून तो डबा टँकमध्येच ठेवा. तुमच्याकडची मोठी मादी आहे, तिला सवय झाली की सोडा.

पाहुणे आले. मुलीचे वडील, मामा आणि ती. मी बसल्या जागी हात जोडले, आईनं माझ्या कंबरेची कहाणी सांगितली. मामांनी पोह्यांची बशी घेतली. सगळं सुरळीत चाललं होतं आणि माझी नजर टँकवर गेली. डबा नव्हता. बारकं मोकळं होतं आणि मोठी त्याच्या मागं लागली होती.

“आई, डबा कुठाय?”

“काढून ठेवला की. पाहुण्यांपुढं ते प्लास्टिक बरं दिसतं का? नवरा-बायकोच ना ती, राहतील गुण्यागोविंदानं.”

गुण्यागोविंदानं! मोठीनं त्याला पंपाच्या कोपऱ्यात गाठलं होतं. शेपटीचा तुकडा पाण्यात तरंगत होता. मामा बशी धरून म्हणाले, “ह्यो नवरा लय मारकुटा दिसायलाय.”

मी आईकडं बघितलं. तिनं डोळे वटारले. मी मुलीकडं बघितलं, ती टँककडं बघत होती. अजून एक चावा बसला असता तर बारकं संपलं असतं. जाऊ दे चुलीत ती सोयरीक, मनात म्हणालो आणि उठलो. धावत जाऊन पाण्यात जाळी घातली. तेवढ्यात तीही उठून शेजारी येऊन उभी राहिली. मी जेमतेम तिच्या खांद्यापर्यंत येत होतो. मामांनी बशी खाली ठेवली. तिचे वडील उगाच पंख्याकडं बघायला लागले.

“नवरा न्हाई तो, मामा,” मी म्हणालो. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. “मोठी ती बाई. हे सगळे जन्मतात नर. दोघं एकत्र ठेवले की जो थोराड, तो मादी होतो. बारका नर राहतो.”

“असलं काही घरात ठेवतेत का?” मामा म्हणाले.

ती मात्र वाकून बघत होती. बारकं आडवं होऊन अंगभर थरथरत होतं, आणि मोठी त्याच्यापुढं थांबली होती.

“ह्याला काय झालं?”

“तू मोठी, माझं काही म्हणणं न्हाई, असं सांगायलाय. तिला पटलं तर सोडते. मग दोघं जन्मभर एकाच कोपऱ्यात राहतात.”

मोठीनं त्याला एकदा हुंगल्यासारखं केलं आणि वळून गेली. मी जाळी बाहेर काढली.

“कंबर बरी झाली का?” तिनं विचारलं.

“कंबरेला काही झालंच नव्हतं.”

“मग बसून का होता तुमी?”

“उंची दिसू नये म्हणून.”

“अन् उठलात कशाला?”

“ते मेलं असतं.”

ती आपल्या मामांकडं वळली आणि शांतपणे म्हणाली, “मामा, मला घर पसंत हाय.”

आई मागून माझा सदरा ओढत होती. “बस की रे खाली, अजून बघायलेत ते.”