धुरांड्याखालचा माणूस

रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये लॉरेन्सएवढा बडबड्या दुसरा कोणी नव्हता, पण एक शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघत नसे. खलास. दुबईत हा शब्द टाळून जगायचं म्हणजे पाण्यात राहून अंग कोरडं ठेवायचं. टॅक्सीवाला भाडं घेऊन खलास म्हणतो, वाणी पिशवीला गाठ मारून खलास म्हणतो. काम झालं, पुरे झालं, एवढाच त्याचा अर्थ. वसईच्या माणसाला त्यात आणखी एक अर्थ ऐकू येतो, आणि नेमका हवा होता तेव्हा तो लॉरेन्सला ऐकू आला नव्हता.

लॉरेन्स आणि मुंबईचा विन्स्टन ही जोडी व्हिलांमधली धुरांडी दुरुस्त करायची. वाळवंटात शेकोटी कशाला, असं हौशी लोकांना विचारू नये; त्यांना थंडीचे चार दिवस पुरतात. विटांच्या शोभेच्या शेकोटीत लाकडाचा लोखंडी स्टोव्ह बसवला, की जुनं धुरांडं फटीफटीतून घरात धूर सोडतं. म्हणून छतावरून आत स्टीलचा लांबलचक पाइप सोडायचा. त्याला हे लोक लायनर म्हणतात. लॉरेन्स वर, पाइपचं सगळं वजन हातांवर पेलून; विन्स्टन खाली, शेकोटीत डोकं घालून, पाइपाला बांधलेला दोर ओढत. लॉरेन्सने वरून ‘यल्ला’, म्हणजे चल ओढ, म्हणायचं. पाइप स्टोव्हवर घट्ट बसला की खालून विन्स्टनचा लांबवलेला ‘खलाऽस’ यायचा. तो आल्याशिवाय वरच्याने हात सोडायचा नाही, कारण खाली माणसाचं डोकं असतं.

२००८च्या अखेरीस मंदी आली, क्रेन जागच्या जागी थिजल्या आणि लॉरेन्सला बिनपगारी रजेवर वसईला धाडण्यात आलं. जानेवारीत एका लग्नात बँड दणाणत असताना विन्स्टनचा फोन आला. उद्या बोलू म्हणत लॉरेन्सने तो कापला. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमधल्या खैरुद्दीनचा आला. ‘‘विन्स्टन खलास, भाई.’’

त्या हिवाळ्यात अर्धी दुबई खलास होत होती. व्हिसा रद्द, बॅग भरली, चालले एअरपोर्टला. लॉरेन्सने तेच धरलं आणि वर फुगून बसला.

‘‘निघताना एक शब्द नाही बोलला मला,’’ तो बायकोला म्हणाला.

‘‘अरे, मग तू लाव ना फोन,’’ पर्ल म्हणाली.

‘‘मी कशाला? न सांगता तो गेलाय.’’

मार्चमध्ये पर्लला घेऊन दुबईला परतल्यावर त्याने खैरुद्दीनला विचारलं, विन्स्टन मुंबईत काय करतो? खैरुद्दीनने हातातला पाना खाली ठेवला. ‘‘कौन मुंबई? जेबेल अली के कब्रस्तान में मिट्टी दी उसको. फोन पे बोला तो था.’’

कंपनीने कामगारांच्या खोल्यांचं बिल भरलं नव्हतं, वीज तोडलेली होती. बाकीचे घरी गेलेले. एकटा उरलेला विन्स्टन खिडक्या लावून घमेल्यात कोळसे पेटवून झोपला. आयुष्यभर लोकांच्या धुराला वाट करून दिली त्याने, आणि मेला धुरानेच.

आता खाली खैरुद्दीन असे. ‘हो गया’ एवढंच ओरड, असं लॉरेन्सने त्याला बजावलं होतं. तो तसंच ओरडे. पण त्याच्या पाठोपाठ, हलकेच, वर येई: खलाऽस. प्रत्येक धुरांड्यात. खैरुद्दीनला काहीच ऐकू यायचं नाही.

‘‘डॉक्टरला दाखव,’’ दुबईतल्या करामाच्या घरात विन्स्टनसाठी मेणबत्ती लावत पर्ल म्हणाली. ‘‘नाहीतर फादरना भेट.’’

लॉरेन्सला त्या आवाजाची भीती नव्हती. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं: फोन कापला म्हणून विन्स्टन रागावून गेला का? आवाज खरा असेल तर निदान विचारता तरी येईल. मनाचाच खेळ असेल, तर माफी मागायची कोणाकडे?

पुढल्या वर्षीच्या डिसेंबरात अनुपमाबाईंचं काम आलं. भाडी उतरली म्हणून त्या जुमेरा लेक टॉवर्समधला फ्लॅट सोडून व्हिलात आल्या होत्या. लॉरेन्स खैरुद्दीनला म्हणाला, ‘‘आज तू ऊपर जा. नीचे मैं रहेगा.’’

त्याने शेकोटीत डोकं घातलं. दोर ओढला, पाइप उतरला, स्टोव्हवर घट्ट बसला. आता बोलायचं होतं. विन्स्टनच्या जागी बसायचं तर विन्स्टनचाच शब्द म्हणायचा, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. तोंड उघडलं, पण गळ्यातून हवासुद्धा निघेना. वर खैरुद्दीन वजन पेलून खोळंबलेला.

‘‘झालं का हो?’’ अनुपमाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. त्याने कान देऊन ऐकलं. धुरांड्यात काही म्हणजे काही नव्हतं. म्हणजे सगळे मनाचेच खेळ, त्याला वाटलं.

तेवढ्यात वर खटखट झाली. खैरुद्दीन पाइप सोडून, धुरांड्यावरची टोपी आवळून, हात पुसत खाली आला.

‘‘मैं बोला नहीं था,’’ लॉरेन्स कसाबसा म्हणाला. ‘‘तूने छोड़ा कैसे?’’

‘‘बोला तो. खलाऽस, लॉरी. ऐसा लंबा करके.’’ खैरुद्दीन वैतागला होता. ‘‘लॉरी किधर है? अपने पास तो पिकअप है.’’

लॉरेन्सला लॉरी म्हणणारा अख्ख्या दुबईत एकच माणूस होता. आणि तोही, रागावला की, पुरं लॉरेन्स म्हणायचा.