तारेवरची चाबी

सोमवार, १४ जानेवारी १९७४. मकर संक्रांत. स्थळ : महाल भागातलं आमचं घर आणि वरची गच्ची. हजर : सासरे म्हणजे मामंजी, आमचे हे, नणंद कुसुम, शेजारचे नानाजी आणि मी. सासूबाई माहेरी गेल्या होत्या. त्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं, हे त्या अजूनही सांगतात.

मामंजींची सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी वाचनालयातून अमेरिकेच्या इतिहासातल्या थोर माणसांवरचं एक जाडजूड मराठी पुस्तक आणलं आणि तेव्हापासून तिकडची माणसं आमच्या पंगतीला बसू लागली. चहा पातळ झाला, की बोस्टनच्या बंदरात पेट्याच्या पेट्या चहा फेकून देणाऱ्यांची गोष्ट. दिवे गेले, की चुलीच्या उजेडात वाचून वकील आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या उंच माणसाची. (दिवे यायचे, गोष्ट संपायची नाही.) पण मामंजींचा खरा जीव होता तो पतंगवाल्यावर. पावसाळी ढगात पतंग सोडून आभाळातली वीज दोरीला बांधलेल्या चाबीपर्यंत उतरवणारा तो गृहस्थ. त्याचं नाव आमच्याकडे कुणालाच एका दमात घेता येईना, म्हणून तो 'पतंगवाला'च राहिला.

"सूनबाई, तो मुळात छापखानेवाला होता," मामंजी दर दोन दिवसांनी सांगत. "आपल्या धंद्यातला माणूस." जसं काही दोघं एकाच पाळीत कामाला होते.

संक्रांतीला नानाजी तिळगूळ घ्यायला आले. तिळगूळ घेतला, गोड बोलायचं मात्र विसरले.

"चाबी बांधल्यावर पतंग उडतच नाही गा," ते मामंजींना म्हणाले. "लोखंड आहे ते. बदकन खाली येते."

"काहून नाही उडत? अमेरिकेत उडला."

"तिथली हवा वेगळी."

"हवेले काय गाव असते का?"

"मंग उडवून दाखव."

मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "सूनबाई, एक चाबी दे. चांगली जड. बिनकामाची चालते."

आता इथे माझा टापटीपपणा आडवा आला. भोगीच्या आधी मी अख्खं घर झाडून काढलं होतं. ज्या चाबीला कुलूप नाही ती घरात नाही, असा नियम काढून अशा सगळ्या चाब्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. त्यांच्याबरोबर आलमारीची दुसरी चाबीही दिली, कारण एका कुलपाला दोन चाब्या म्हणजे गोंधळ. त्यामुळे घरात बिनकामाची अशी एकही चाबी उरली नव्हती. जड म्हणावी अशी एकच होती. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेल्या लोखंडी आलमारीची. मी ती कमरेची सोडून दिली.

"पाच मिनिटांत परत," मी म्हटलं.

कुसुम चुलीशी पोळ्या लाटत होती. तिचा हात थांबला. "वहिनी, आलमारीत माझी सर्टिफिकिटं आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मुलींच्या एका शाळेत तिची मास्तरणीच्या जागेसाठी मुलाखत होती. मूळ कागद आणल्याशिवाय आत घेणार नाही, असं शाळेनं कळवलं होतं. ही जागा हुकली तर मावशीनं पाहिलेल्या अकोल्याच्या स्थळाला होकार द्यायचा, असं घरात ठरलं होतं. स्थळाची कापसाची गिरणी होती आणि तीन धाकटे भाऊ होते. कुसुमला गिरणीही नको होती आणि दीरही.

"अगं पाच मिनिटांचं काम वं," मी म्हटलं. "चाबी कुठे पळून जाते?"

गच्चीवर गेले तर ह्यांनी चाबी वर पतंगाच्या कन्नीलाच, म्हणजे त्याच्या पोटाशी बांधलेल्या दोऱ्यालाच, बांधली होती, कारण वाद वजनाचा होता. गाठ मात्र ढिली होती. अर्धवट काम मला बघवत नाही. मी ती सोडली आणि स्वतः दुहेरी गाठ मारली. माझी गाठ सुटत नाही.

दोनदा पतंगानं नाक टेकलं. नानाजी खूश. तिसऱ्यांदा वारा आला आणि चाबीसकट पतंग गच्चीच्या कठड्यावरून वर चढला. मामंजींनी टोपी काढून हातात धरली. उन्हात चाबी चमकत होती. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर बरं वाटलं.

एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. पतंगवाल्याच्या आभाळात त्याचा एकट्याचाच पतंग असावा. आम्ही संक्रांतीला महालात उभे होतो. तू काटाकाटीला आलास की विज्ञानाला, असं इथे वरच्या पतंगाला कुणी विचारत नाही. मागच्या गल्लीतून एक काळा पतंग तिरपा आला.

"ए बाबा, आमचा प्रयोगाचा आहे गा," मामंजी हात हलवून सांगू लागले.

"ओ काट," मागच्या गच्चीवरून उत्तर आलं.

पतंग झोकांड्या खात निघाला. चाबीच्या वजनामुळे तो फार लांब गेला नाही, हे आमचं नशीब. तो गल्लीच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या तारेत अडकला, हेही आमचंच नशीब. तारेखाली चाबी डुलू लागली.

"पाहा," मामंजी हळूच म्हणाले, "चाबी आणि वीज. इतकं जवळ तर..."

"मामंजी, पुरे."

ह्यांनी बांबू उचलला. मी तो काढून घेतला, कारण मला एक नवरा पुरत होता आणि तोही धडधाकट हवा होता. वीज कचेरीत हे सायकलवर जाऊन आले. सुट्टी होती. उद्या अकरानंतर माणूस मिळेल, असं चौकीदारानं सांगितलं. मुलाखत दहाला.

मग मी मागच्या गल्लीत भाऊराव चाबीवाल्याकडे गेले. ते गच्चीवर, हातात चक्री.

"भाऊराव, आलमारीची चाबी बनवून द्या."

"नमुना आणा."

"नमुना तारेवर आहे."

त्यांनी वाकून पाहिलं आणि चेहरा उजळला. "तो तुमचा होय? मले वाटलं, एवढा जड पतंग कोण उडवून राहिलं? मीच काटला ना तो."

"छान केलंत. आता खाली या आणि आलमारी उघडून द्या."

"वहिनी, आज संक्रांत. आज बायको म्हणाली तरी मी खाली उतरत नाही. उद्या दुपारी पाहतो."

घरी आले तर आलमारीसमोर मंडळी बसली होती. मामंजींच्या हातात माझा केसांचा आकडा होता. ते कुलपात तो फिरवत होते आणि नानाजी शेजारून डावं-उजवं सांगत होते. हे आलमारीला खांदा लावून उभे होते. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

कुसुम मागच्या अंगणात गेली आणि खड्डे खणायची लोखंडी सब्बल घेऊन आली.

"वहिनी, बाजूला व्हा."

"कुसुम, ही माझ्या बाबांनी दिलेली..."

"मग अकोल्याला तुम्ही जाता का?"

मी बाजूला झाले. तिनं दाराच्या फटीत सब्बल घातली आणि अंगाचा भार टाकला. आलमारी अशी किंचाळली की नानाजींनी कानावर हात ठेवले. दार उघडलं, एका बिजागरीसकट. कुसुमनं सर्टिफिकिटांचं पाकीट काढलं, पदरानं पुसलं आणि पोळ्या लाटायला परत गेली.

तिला ती जागा मिळाली. मामंजींनी सगळं श्रेय पतंगवाल्याला दिलं. तेव्हा मी पहिल्यांदा ते पुस्तक उघडलं आणि ते पान नीट वाचलं. चाबी दोरीच्या खालच्या टोकाला होती. हाताजवळ.

"मामंजी, वरून पतंग काटला असता तरी चाबी तुमच्याकडेच राहिली असती."

त्यांनी चष्मा लावला. ओळीवरून बोट फिरवत दोनदा वाचलं. "हाव," मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलेले मामंजी म्हणाले, "हे नजरेतून सुटलं."

मी वीज कचेरीत अर्ज दिला. होळी झाल्यावर लाइनमन आला. त्यानं वर पाहिलं.

"कशाची चाबी?"

"आलमारीची."

"आलमारी उघडली का?"

"हो. मोडून."

"मंग आता चाबी काहून पाहिजे?"

मी आत जाऊन चहा टाकला. चहा पिऊन, अख्ख्या गल्लीची लाइन बंद करावी लागते, पाहतो, असं सांगून तो गेला.

या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. चाबी खाली आली की कुलपाचं काय ते ठरवू, असं म्हणता म्हणता आलमारी दुरुस्त करायची राहूनच गेली. तिचं दार परकराच्या नाडीनं बांधलेलं असतं. दागिने, घराचे कागद, सगळं त्या नाडीच्या भरवशावर. कुणाचाही हात पोचणार नाही अशी माझ्या संसारातली एकच वस्तू आहे, आणि ती म्हणजे चाबी.